पैसे आपले, निवेदक कुणाचा?

जून २०२५ मध्ये बीबीसीच्या वृत्तवाहिनीवर मार्टीन क्रॉक्सल उन्हाच्या लाटेची बातमी वाचत होत्या. उष्णतेचा धोका कुणाला अधिक, हे सांगताना समोरच्या मजकुरात ‘गर्भवती व्यक्ती’ असे शब्द आले. क्रॉक्सल यांनी ते वाचले, लगेच ‘स्त्रिया’ अशी दुरुस्ती केली आणि ती करताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एक भाव उमटून गेला. त्या क्षणावरून आलेल्या वीस तक्रारी बीबीसीच्या तक्रार विभागाने विचारात घेतल्या. स्त्रीत्व आणि लिंगओळख यांवरून ब्रिटनमध्ये चाललेल्या कडवट वादात निवेदिकेने आपली बाजू दाखवली, असे तक्रारदारांचे म्हणणे होते. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. त्या भावामुळे एका वादग्रस्त प्रश्नावर वैयक्तिक मत दिल्यासारखे वाटते, असे म्हणत विभागाने तक्रारी ग्राह्य धरल्या.

याच्या चार वर्षे आधी, ९ एप्रिल २०२१ रोजी, राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांचे निधन झाले. बीबीसीने आपल्या दोन्ही प्रमुख वाहिन्यांवरचे नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवले आणि तासन्‌तास एकच श्रद्धांजली दाखवली. प्रेक्षक वैतागले. तक्रारींचा आकडा १,०९,७४१ वर गेला. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासातला सर्वाधिक तक्रारींचा प्रसंग म्हणून त्याची नोंद झाली. बीबीसीने प्रेक्षकांची नाराजी मान्य केली, पण राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रसंगी असे प्रक्षेपण करणे ही आपली जबाबदारीच आहे, या भूमिकेवर ती ठाम राहिली.

आणि २०१९ मध्ये नागा मन्चेट्टी या निवेदिकेवर ठपका आला, तो एका तक्रारदाराच्या अर्जावरून.

वीस, लाखाहून अधिक आणि एक. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसारणसंस्थेच्या निवेदकांविरुद्ध लोक तक्रार करतात तेव्हा काय घडते, हा विषय समजून घ्यायचा तर आधी आकड्यांचा मोह सोडावा लागतो. तक्रारींची संख्या लोक किती रागावले आहेत एवढेच सांगते. निवेदक चुकला का, हे ठरवण्यासाठी कुणीतरी बसून ते वाक्य पुन्हा ऐकावे लागते, नियमाशी ताडून पाहावे लागते आणि निष्कर्ष कारणांसह लोकांसमोर ठेवावा लागतो. हे काम कुठे नीट होते, कुठे घाईत उरकले जाते आणि कुठे सुरूच होत नाही, यावर त्या संस्थेची पत ठरते.

सार्वजनिक वाहिनीविरुद्धच्या तक्रारीला खासगी वाहिनीविरुद्धच्या तक्रारीपेक्षा वेगळे वजन आहे, याचे कारण सरळ आहे. ब्रिटनमध्ये टीव्हीवरचे थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या घराला परवाना शुल्क भरावे लागते. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड होते. ते चुकवणे हा गुन्हा आहे. खासगी वाहिनी आवडली नाही तर माणूस ती बंद करतो आणि विषय संपतो; बीबीसी बंद केली तरी थेट प्रक्षेपण पाहायचे असेल तर पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे तिथला प्रेक्षक मालकाच्या नात्याने बोलतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे नाते परके वाटू नये. रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरण्याची पद्धत भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती, आणि अनेक घरांत ती परवान्याची पुस्तिका कपाटात जपून ठेवलेली असे.

पक्षपाताचा आरोप बीबीसीला तिच्या बालपणापासून चिकटलेला आहे. मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. वर्तमानपत्रे बंद पडली आणि चार वर्षांच्या बीबीसीकडे देशाचे कान लागले. विन्स्टन चर्चिल यांना ती सरकारच्या ताब्यात घ्यायची होती. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी ते होऊ दिले नाही, पण त्याची किंमतही मोजली : मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना संपाच्या काळात बोलू दिले गेले नाही. आपण पूर्णपणे निःपक्षपाती राहणार नाही याची सरकारला खात्री आहे, अशा अर्थाची नोंद खुद्द रीथ यांनी रोजनिशीत केली. संस्था वाचली, संपकऱ्यांचा विश्वास मात्र गेला. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक वादांचे बीज या नऊ दिवसांत सापडते.

राज्यकर्त्यांच्या तक्रारींची यादी मोठी आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात पीटर स्नो या निवेदकाने ब्रिटिश आणि अर्जेंटिनाचे दावे एकाच तटस्थ सुरात मांडले, तेव्हा हुजूर पक्षाच्या एका खासदाराने त्याला जवळपास देशद्रोह ठरवले. १९८६ मध्ये अमेरिकेने लिबियावर बॉम्बफेक केली. केट एडी यांच्या वार्तांकनावर हुजूर पक्षाचे अध्यक्ष नॉर्मन टेबिट यांनी तक्रार केली. २००३ मध्ये इराक युद्धाच्या कारणांवरून अँड्र्यू गिलिगन यांनी भल्या सकाळी रेडिओवर काही वाक्ये उच्चारली. त्यातून झालेल्या चौकशीअंती, जानेवारी २००४ मध्ये, बीबीसीचे अध्यक्ष गॅव्हिन डेव्हिस आणि महासंचालक ग्रेग डाइक या दोघांनाही पद सोडावे लागले.

यातला एक प्रसंग मात्र जरा थांबून पाहावा असा आहे. मार्च १९८७ मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन अंदाजपत्रकानंतर ‘टुडे’ या रेडिओ कार्यक्रमात आले. निवेदक ब्रायन रेडहेड यांनी बेकारीच्या आकड्यांवरून अडचणीचा प्रश्न विचारला. लॉसन म्हणाले, तुम्ही जन्मभर मजूर पक्षाचे समर्थक आहात, तुमच्याकडून असेच ऐकायला मिळणार. रेडहेड यांनी तिथल्या तिथे उलट विचारले : मी मत कुणाला देतो हे आपल्याला ठाऊक आहे असे समजण्याचे धाडस केलेत, त्याबद्दल माफी मागण्यासाठी एक मिनिट शांतता पाळायची का? देशभर लोकांनी हे न्याहारी करताना ऐकले. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचे मत काढणे ही युक्ती तेव्हाही नवी नव्हती आणि आज तर जगभर ती रोज वापरली जाते. निवेदकाला मत असणारच. तो नागरिक आहे. प्रश्न योग्य होता का, एवढेच तपासण्याजोगे असते.

योगायोगाने याच लॉसन यांच्यामुळे तीस वर्षांनी त्याच कार्यक्रमाला दुसऱ्या टोकाच्या तक्रारीला सामोरे जावे लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये हवामानबदल नाकारणाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून ते ‘टुडे’वर आले आणि गेल्या दहा वर्षांत पृथ्वीचे सरासरी तापमान किंचित घटले आहे असे सांगून गेले. विधान चुकीचे होते आणि कार्यक्रमात ते कुणी खोडले नाही. श्रोत्यांनी तक्रारी केल्या. बीबीसीने आधी दुसरी बाजू ऐकवायला हवी म्हणून समर्थन केले, मग तिच्याच वरच्या विभागाने चूक मान्य केली, आणि एप्रिल २०१८ मध्ये ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने नियमभंग झाल्याचा निर्णय दिला. म्हणजे एका वेळी निवेदक प्रश्न विचारतो म्हणून पक्षपाती ठरतो आणि दुसऱ्या वेळी विचारत नाही म्हणून दोषी ठरतो. दुसऱ्या वेळचा ठपका रास्त होता, कारण तो एका तपासता येण्याजोग्या वस्तुस्थितीवर उभा होता.

ब्रिटनच्या नियमांत निःपक्षपाताला ‘यथोचित’ असे विशेषण जोडलेले आहे. प्रत्येक बाजूला घड्याळ लावून समान मिनिटे द्या, असा त्याचा अर्थ नाही. विषय कोणता, कार्यक्रम कोणत्या स्वरूपाचा, प्रेक्षकाची अपेक्षा काय, हे पाहून समतोल ठरवायचा. २००७ मध्ये जॉन ब्रिडकट यांनी बीबीसीसाठी लिहिलेल्या अहवालात ही कल्पना एका प्रतिमेतून मांडली : बागेतल्या वरखाली होणाऱ्या फळीची जागा आता गाडीच्या चाकाने घेतली आहे. फळीवर दोनच टोके असतात. चाकाला पुष्कळ आरे असतात, आणि ते सगळे सारख्या अंतरावर असतीलच असेही नाही. दोन पक्षांच्या राजकारणात वाढलेल्या संपादकांना हे पचवणे जड गेले, पण वंश, धर्म, स्थलांतर, लिंगभाव, हवामान या आजच्या प्रश्नांत दोनच बाजू शोधायला गेले की घोटाळा होतो, हे मन्चेट्टी प्रकरणात उघड झाले.

१७ जुलै २०१९ ची सकाळ. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चार गौरेतर महिला लोकप्रतिनिधींना उद्देशून, जिथून आलात तिथे परत जा, अशा आशयाचा मजकूर लिहिला होता. ‘बीबीसी ब्रेकफास्ट’मध्ये सहनिवेदक डॅन वॉकर यांनी मन्चेट्टी यांना त्याबद्दल विचारले. मन्चेट्टी लंडनमध्ये जन्मल्या. आईवडिलांची मुळे भारत आणि मॉरिशसमध्ये. गौरेतर स्त्री म्हणून मला जेव्हा कुणी परत जा म्हणाले तेव्हा त्यामागे वंशद्वेषच होता, असे त्यांनी सांगितले आणि अशी भाषा वापरणे योग्य वाटते असे लोकांना वाटू लागेल याबद्दल संताप व्यक्त केला. तक्रारदाराने दोघांच्याही संभाषणावर आक्षेप घेतला होता. तक्रार विभागाने निकाल दिला तो फक्त मन्चेट्टी यांच्याविरुद्ध : अनुभव सांगण्याचा त्यांना अधिकार होता, पण अध्यक्षांच्या हेतूवर भाष्य करून त्यांनी मर्यादा ओलांडली.

ब्रिटनमधले कृष्णवर्णीय आणि आशियाई पत्रकार, कलावंत एकवटून उभे राहिले. वंशद्वेषाला वंशद्वेष म्हणण्यातही दोन बाजू धरायच्या का, हा त्यांचा सवाल होता. ज्याने प्रश्न विचारून हे मत काढून घेतले तो गोरा सहकारी सुटला आणि उत्तर देणारी अडकली, हेही सगळ्यांना दिसत होते. ३० सप्टेंबरला महासंचालक टोनी हॉल यांनी स्वतः निकाल फिरवला. ऑफकॉमनेही नंतर नियमभंग झालेला नाही असे मत दिले, आणि त्याच वेळी बीबीसीच्या तक्रार प्रक्रियेतल्या अपारदर्शकपणावर बोट ठेवले. हे शेवटचे महत्त्वाचे. निकाल चुकला होताच. पण तो कुठल्या तर्काने दिला आणि कुठल्या तर्काने फिरवला, हे दोन्ही नीट उलगडून सांगितले गेले नाही. महासंचालकाच्या एका पत्राने निकाल फिरू शकतो हे दिसल्यावर पुढच्या तक्रारदाराने त्या विभागावर विश्वास का ठेवावा?

प्रक्रिया कागदावर चांगली आहे. प्रेक्षक आधी बीबीसीकडे लिहितो. उत्तर पटले नाही तर पुन्हा लिहितो. तरी समाधान झाले नाही तर कार्यक्रम विभागांपासून वेगळ्या ठेवलेल्या तक्रार विभागाकडे जातो. आणि शेवटी ऑफकॉमकडे दाद मागता येते. निःपक्षपाताच्या बाबतीत बाहेरच्या नियामकाचा हा टप्पा २०१७ पासून आला, त्याआधी असा न्याय बीबीसीचेच विश्वस्त करत. तक्रार विभागाचे निकाल प्रसिद्ध होतात. कुणीही ते वाचू शकतो. जगातल्या फार थोड्या प्रसारणसंस्था स्वतःविरुद्धचे निकाल असे उघड्यावर मांडतात, आणि एवढ्या टीकेनंतरही बीबीसीकडे बोट दाखवताना ही गोष्ट विसरणे अन्यायाचे ठरेल.

आता तक्रारदाराकडे वळायला हवे, कारण तोही नेहमी खरा नसतो. १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शतिला छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांचे हत्याकांड झाले. त्याच्या अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १४४ जणांना दाखवल्या. त्यांत इस्राएलचे समर्थक होते आणि अरबांचेही. चित्रफिती त्याच होत्या. इस्राएल समर्थकांना त्या इस्राएलविरोधी वाटल्या, अरब समर्थकांना इस्राएलच्या बाजूच्या. आपल्या विरोधातले उल्लेख प्रत्येक गटाला अधिक दिसले. तटस्थ माणूस हे पाहून आपल्या विरोधात जाईल, अशी भीती दोघांनाही वाटली. विषयाची ज्यांना जास्त माहिती होती त्यांना पक्षपातही जास्त जाणवला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही या क्षेत्रातला पायाभूत मानला जातो. तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे दिसत असते.

या अभ्यासाचा एक सोयीस्कर अर्थ संपादकांनी काढला : दोन्ही बाजू आमच्यावर चिडतात, म्हणजे आम्ही मधोमध आहोत. हा युक्तिवाद जगभरच्या वृत्तकक्षांत ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. दोन्ही बाजू चिडल्या यावरून फक्त दोन्ही बाजू चिडल्या एवढेच सिद्ध होते. वाहिनी एका दिवशी एका बाजूवर आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूवर अन्याय करत असेल तरीही दोघांनाही सारखाच राग येईल. आणि कुणीच चिडले नाही तरी चूक झालेली असू शकते. त्याचा दाखला फार जुना नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने ट्रम्प यांच्यावर एक माहितीपट दाखवला. ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातली, पन्नासहून अधिक मिनिटांचे अंतर असलेली दोन वाक्ये त्यात जोडून एकसलग दाखवली गेली, आणि ट्रम्प यांनी हिंसेला थेट चिथावणी दिली असा समज झाला. बीबीसीचे माजी सल्लागार मायकेल प्रेस्कॉट यांचे टिपण नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने छापले आणि आठवडाभरात महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. संसदीय समितीला उत्तर देण्याचे काम अध्यक्ष समीर शाह यांच्याकडे आले. शाह यांचा जन्म आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. लहानपणीच ते इंग्लंडला गेले. त्यांनी पत्रात चूक मान्य केली. प्रेक्षकांकडून फारसा प्रतिसाद आला नव्हता, हे या मुद्द्याचा तेव्हाच पाठपुरावा न होण्याचे एक कारण म्हणून त्यांनी दिले. टिपण प्रसिद्ध झाल्यावर मात्र पाचशेहून अधिक तक्रारी आल्या. कार्यक्रम तोच, जोडणी तीच. तक्रारी वर्षभर फारशा आल्या नाहीत म्हणून चूक वर्षभर झाकली गेली, याहून आकड्यांच्या भरवशावर चालण्याचा तोटा दुसरा कुठला दाखवायचा?

याच्या उलट टोकाला घाई आहे. २६ मे २०२० च्या रात्री ‘न्यूजनाइट’च्या सुरुवातीला एमिली मेटलिस यांनी, पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी टाळेबंदीचे नियम मोडले आणि देशाला ते दिसते आहे, असे ठाम निवेदन केले. वीस हजारांहून अधिक तक्रारी आल्या. पण त्यातल्या एकीचीही रीतसर तपासणी होण्याआधी, चोवीस तासांच्या आत, बीबीसीने निवेदन निःपक्षपाताच्या कसोटीला उतरले नाही असे जाहीर केले. मग या जाहीर फटकाऱ्याविरुद्धही हजारो तक्रारी आल्या. ऑफकॉमने प्रकरण पुढे नेले नाही. दोन वर्षांनी एडिंबरातल्या व्याख्यानात मेटलिस यांनी पंतप्रधान कार्यालयातून फोन आला होता असा आरोप केला. त्या दबावाखाली निर्णय झाल्याचे बीबीसीने नाकारले. मेटलिस यांचे शब्द मर्यादेबाहेर होते की नव्हते यावर आजही दोन मते असू शकतात. तक्रारदारांना आणि निवेदिकेला, दोघांनाही, रीतसर सुनावणी मिळाली नाही यावर दोन मते होऊ शकत नाहीत.

गॅरी लिनेकर यांचे प्रकरण तर वाहिनीबाहेर घडले. ते फुटबॉलच्या कार्यक्रमाचे निवेदक. मार्च २०२३ मध्ये त्यांनी निर्वासितांविषयीच्या सरकारी धोरणाची भाषा १९३० च्या दशकातल्या जर्मनीची आठवण करून देणारी आहे असे समाजमाध्यमावर लिहिले. बीबीसीने त्यांना कार्यक्रमापासून दूर केले. सहकारी समालोचकांनी त्यांच्याशिवाय बसायला नकार दिला आणि ११ मार्चचा ‘मॅच ऑफ द डे’ निवेदक नाही, समालोचन नाही, अशा अवस्थेत वीस मिनिटांत संपला. दोन दिवसांनी लिनेकर परतणार असल्याचे जाहीर झाले. खेळाच्या निवेदकाला राजकीय निःपक्षपात लागू होतो का, याचे स्पष्ट उत्तर नियमांत नव्हते. ते नंतर, सप्टेंबरमध्ये, जॉन हार्डी यांच्या अहवालानंतर लिहिले गेले. नियम आधी नसताना शिक्षा झाली, हीच त्यातली खरी खोट. मे २०२५ मध्ये ज्यूद्वेषी चित्र असलेली एक चित्रफीत पुढे पाठवल्यानंतर लिनेकर यांनी माफी मागून बीबीसी सोडली. तिथे आक्षेप रास्त होता आणि तो त्यांनी स्वतः स्वीकारला.

घाईची सर्वांत मोठी किंमत ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने मोजली. डिसेंबर २०२३ मध्ये सिडनीच्या रेडिओवर अँटोनेट लाटूफ यांना पाच दिवसांसाठी बदली निवेदिका म्हणून घेतले होते. त्यांना लगेच काढावे म्हणून संघटितपणे तक्रारी सुरू झाल्या. लाटूफ यांनी गाझातल्या उपासमारीविषयीचा ‘ह्यूमन राइट्स वॉच’चा मजकूर पुढे पाठवला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घरी पाठवण्यात आले. त्याच अहवालाची बातमी एबीसीने स्वतः दिली होती. जून २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने ही बडतर्फी बेकायदा ठरवली, सत्तर हजार डॉलर भरपाई दिली, आणि पुढे दीड लाख डॉलरचा दंडही लावला. तक्रारदारांना खूश करण्यासाठी हे केले गेले, असे न्यायमूर्तींनी नोंदवले. त्या तक्रारी कार्यक्रमात बोललेल्या एखाद्या वाक्यावर नव्हत्या. माणूसच नको, अशा होत्या. अशा मागणीला तक्रार मानून तिच्यापुढे मान तुकवली की उरलेल्या प्रामाणिक तक्रारींचीही किंमत जाते.

या सगळ्यात प्रेक्षकांच्या तक्रारींना संस्था मनातून कोणते स्थान देते, याचा एक पुरावा न्यायाधिकरणात सापडला. बीबीसीवर प्रेक्षकांच्या तक्रारी मांडणारे दोन कार्यक्रम होते. ‘न्यूजवॉच’ बातम्यांवरच्या तक्रारी घेऊन संपादकांना जाब विचारी. ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ इतर कार्यक्रमांवरची पत्रे हलक्याफुलक्या रीतीने वाचून दाखवी. पहिल्याच्या निवेदिका समीरा अहमद यांना एका भागाचे ४४० पौंड मिळत, दुसऱ्याचे निवेदक जेरेमी व्हाइन यांना ३,००० पौंड. अहमद यांनी समान वेतनाचा दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये तो जिंकला. लढा स्त्री-पुरुष वेतनाचा होता, आणि तो त्याच कारणासाठी लक्षात राहावा. पण संपादकाला समोर बसवून उत्तर मागण्याचे काम किती स्वस्त धरले जात होते, हेही त्या आकड्यांत वाचता येते.

मराठी वाचकाला हे सारे लांबचे वाटण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर २०१७ पासून बीबीसी मराठीतून बातम्या देते. आणि आपली स्वतःची सार्वजनिक प्रसारणसंस्था तर घराघरांत आहे. आकाशवाणीला लोकांनी पत्रे पुष्कळ लिहिली. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’साठी गावोगावहून पोस्टकार्डे येत, झुमरी तलैया हे गाव तर फर्माइशींमुळेच देशाला माहीत झाले. पण ती पत्रे गाण्यासाठी होती. बातमीपत्राला जाब विचारण्याची सवय या देशात रुजली नाही. नाराजी दाखवायची तर श्रोते केंद्र बदलत. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या पुण्याच्या बा. वि. केसकरांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली, तेव्हा लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, ती या मूक निषेधाचे उत्तर म्हणून. गाण्याच्या बाबतीत हे जमले. बातमीसाठी देशात दुसरे केंद्र नव्हते.

सरकारी कल हा तर कुठल्या एका पक्षाचा वारसा नाही. ६ फेब्रुवारी १९७७ ला दिल्लीत जगजीवनराम आणि विरोधकांची सभा होती, त्या संध्याकाळी लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला. ३ ऑक्टोबर २०१४ ला नागपूरहून सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले, त्यावरून वाद झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाला. २०१९ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला झुकते माप मिळत असल्याबद्दल निवडणूक आयोगाला दखल घ्यावी लागली. या प्रत्येक वेळी आवाज उठवला तो राजकीय पक्षांनी, वृत्तपत्रांनी किंवा आयोगाने. सामान्य प्रेक्षकाची तक्रार, तिची सुनावणी आणि तिच्यावरचा कारणांसह निकाल, असे काही या इतिहासात दिसत नाही.

आणि तरीही कायद्यात ते लिहिलेले आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा. तो सप्टेंबर १९९७ मध्ये लागू झाला. त्याचे बारावे कलम सांगते की नागरिकांना सार्वजनिक हिताच्या सर्व विषयांवर मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपावा, परस्परविरोधी मते मांडावीत आणि संस्थेने स्वतःच्या कुठल्याही विचारसरणीचा पुरस्कार करू नये. चौदावे कलम प्रसारण परिषद स्थापन करायला सांगते. पंधराव्या कलमानुसार कुणीही व्यक्ती या परिषदेकडे तक्रार करू शकते : एखादा कार्यक्रम संस्थेच्या उद्दिष्टांशी विसंगत आहे म्हणून, किंवा आपल्याबाबत विपर्यास झाला, वस्तुनिष्ठता राहिली नाही म्हणून. ब्रिटनमध्ये अनेक दशकांच्या वादांतून जे घडत गेले, ते भारतीय संसदेने एका कायद्यात लिहून ठेवले. ही परिषद मात्र प्रत्यक्षात कधी कामाला लागली नाही. खासगी वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली तक्रार मंडळ उभे केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती अर्जन कुमार सिक्री यांच्या मंडळाने एका कार्यकर्त्याच्या तक्रारीवरून टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख आणि न्यूज १८ इंडियाला पन्नास हजार रुपयांचा दंड केला, तोही सूत्रसंचालकांनी चर्चेला दिलेल्या वळणाबद्दल. त्या मंडळाचे दात दुबळे आहेत अशी टीका होते, आणि ती खरी आहे. तरी त्याचे आदेश वाचायला मिळतात. दूरदर्शनचा प्रेक्षक केंद्र संचालकाला पत्र लिहू शकतो, सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर अर्ज टाकू शकतो; उत्तर आले तरी ते त्याच्यापुरते राहते. सह्याद्री पाहणाऱ्या माणसाच्या तक्रारीतून दुसऱ्या कुणाला काही शिकता येत नाही, निवेदकालाही नाही.

म्हणून ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली ही प्रकरणे आपण नुसती बातमी म्हणून वाचू नयेत. निवेदकाचा कल खटकला तर कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि खटकलेले नेमके वाक्य लिहून पाठवावे. माणसाला काढा असे न म्हणता वाक्य कुठे चुकले ते सांगावे, आणि आपल्या मताच्या निवेदकाने तेच केले असते तर आपण लिहिले असते का, हे पाठवण्याआधी स्वतःला विचारावे. त्याबरोबर आणखी एक पत्र लिहावे, ते आपल्या खासदाराला. प्रसारण परिषदेत कायद्याने चार जागा खासदारांसाठी ठेवल्या आहेत, दोन लोकसभेच्या आणि दोन राज्यसभेच्या. त्या कधी भरणार, हे मतदार म्हणून आपण विचारायलाच हवे.